आमच्या मरणाचं कौतुक बंद करा



डिसेंबर संपत आला की आमच्या वस्तीत बनियनं छापून येतात. निळ्यावर पांढरी अक्षरं : ५०० विरुद्ध २८,०००. पोट्टे वर्गणी काढतात, गाडी ठरवतात, आणि नागपूरहून हाडं खिळखिळी करत भीमा-कोरेगावला निघतात. मीही जातो. घोषणा देऊन घसा बसलेला असतो, डोळ्यांत झोप असते, आणि तरी त्या खांबासमोर उभं राहिलं की छातीत काहीतरी हलतं. ते खोटं नाही. ते खोटं आहे असं म्हणणाऱ्याच्या मी कानाखाली वाजवीन.

पण या खेपेला गाडीत एका पोट्ट्यानं मोबाईल पुढं केला. लढाईचा पिक्चर. दुसरं महायुद्ध, पॅसिफिक महासागरातलं कुठलं तरी बेट. जपानी शिपायांचा दारूगोळा संपलेला. हातात संगिनी, तलवारी, नुसते बांबू. ओरडत मशीनगनवर धावतात आणि गवतासारखे आडवे होतात. पोट्टा म्हणाला, "पाय भाऊ, मराव तं असं. आपलेबी असेच होते ना कोरेगावात!" गाडीत शिट्ट्या वाजल्या.

मी गप्प बसलो. बोललो असतो तर मधल्याच कुठल्या तरी नाक्यावर उतरवून दिला असता मले. म्हणून इथं लिहितो. वाचा आणि मग पाहिजे तेवढ्या शिव्या द्या.

आधी त्या बेटांचं सांगतो.

मे १९४३. अट्टू नावाचं बेट, पॅसिफिकच्या उत्तर टोकाला, थंडीनं गोठलेलं. उरलेसुरले जपानी २९ मेला अमेरिकनांवर तुटून पडले आणि संपले. दोन हजारांवर मेले, जिवंत हाती लागले तीसच्याही आत. निघण्याआधी इस्पितळातल्या जखमींना त्यांच्याच लोकांनी मारून टाकलं होतं. टोकियोतल्या सेनापतींनी याला एक सुंदर शब्द दिला : ग्योकुसाई. म्हणजे रत्नाचा चुरा होणं. कौलासारखं धड राहण्यापेक्षा रत्नासारखं फुटावं म्हणे! शब्द कसा गुळगुळीत आहे बघा. आपल्याकडंही आहेत असे गुळगुळीत शब्द. हौतात्म्य. बलिदान. आहुती. ज्याच्या घरी प्रेत येतं तो हे शब्द वापरत नाही.

मग सायपान. जुलै १९४४. सेनापती सायतो यानं हुकूम काढला की सगळ्यांनी शेवटचा हल्ला करायचा. हुकूम काढला आणि हल्ल्याआधी स्वतः गुहेत जीव देऊन मोकळा झाला. ७ जुलैच्या पहाटे तीन-चार हजार माणूस धावलं. कुबड्यांवरचे जखमीसुद्धा. बेटावर हजारो साधी माणसंही होती, बरीचशी ओकिनावाहून उसाच्या मळ्यात राबायला आलेली. त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की शत्रूच्या हाती जिवंत सापडणं म्हणजे बाटणं. बायांनी लेकरं कडेवर घेऊन कड्यावरून समुद्रात उड्या टाकल्या. ते कडे आजही त्याच नावांनी ओळखले जातात.

आणि टोकियोत? कैदेची लाज सोसण्यापेक्षा मरा, अशी शिकवण जानेवारी १९४१ मध्ये छापून शिपायांच्या खिशात घालणारा तोजो सायपान पडल्यावर राजीनामा देऊन घरी बसला. अमेरिकन पकडायला आले तेव्हा त्यानं गोळी झाडून घेतली, तीही नीट लागली नाही. पुढं खटला होऊन १९४८ ला फासावर गेला तो भाग वेगळा. आणि ज्याच्या नावानं सगळे मेले तो बादशहा? तो १९८९ पर्यंत गादीवर होता. म्हातारा होऊन बिछान्यात मेला. रत्नं फुटली, कौल मात्र शाबूत राहिलं.

आता मला खरं जे सांगायचं ते ऐका. त्या पिक्चरमध्ये एक माणूस दिसत नाही. मी गोदीत हमाली करतो, म्हणून माझा डोळा त्यालाच शोधतो. ही बेटं बांधली कोणी? खंदक खणले कोणी, सिमेंट वाहिलं कोणी, तोफगोळ्याच्या पेट्या बोटीतून उतरवल्या कोणी?

तारावा. नोव्हेंबर १९४३. बेतिओ नावाचं चिमूटभर बेट. त्यावर जपान्यांकडची साधारण ४,८०० माणसं. त्यातले बाराशेच्या आसपास कोरियन मजूर. जपाननं १९१० साली कोरिया गिळला होता, तिथून आणलेले. तीन दिवसांत खेळ खलास. जिवंत सापडले किती? जपानी शिपाई १७. कोरियन मजूर १२९. बाकीच्या हजारभर मजुरांचं काय झालं? त्यांना कोणी विचारलं होतं का, बाबा तुले रत्न व्हायचं हाय का? त्यांचा बादशहा नव्हता, त्यांचं युद्ध नव्हतं. दुसऱ्याच्या इज्जतीखाली ते चिरडले. शेवटची झुंज म्हणून जे दाखवतात, त्यात निम्मं मरण वेठबिगारीचं असतं.

आणि आपली माणसंही होती तिकडं. फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं तेव्हा हजारो हिंदी शिपाई जपान्यांच्या कैदेत गेले. त्यातल्या कित्येकांना न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनच्या बेटांवर नेलं आणि ओझी वाहायला लावलं. भुकेनं, तापानं, माराने मेले. त्यांच्यावर पिक्चर नाही. हमालाच्या मरणात तलवार नसते ना, म्हणून.

आता घरी या. आपल्या नागपुरात.

सीताबर्डीचा किल्ला तुम्ही रोज पाहता. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी त्या टेकडीवर इंग्रजांची तेराशे-चौदाशे माणसं होती आणि खाली आप्पासाहेब भोसल्याची अठरा हजारांची फौज. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झुंज. लहान टेकडी अरबांनी घेतली, पुन्हा गेली. कंपनीची साडेतीनशेवर माणसं मेली नाहीतर जायबंदी झाली. त्यात मद्रासकडच्या पलटणी होत्या. त्यातल्या २४ व्या पलटणीनं जिंकल्यावर इनाम काय मागितलं माहीत आहे? १८०६ ला वेल्लोरच्या बंडानंतर काढून घेतलेला आपला जुना नंबर. बस. एवढं रक्त सांडून गरीब माणूस मागतो काय, तर हिसकावलेला नंबर. साहेबानं तो दिला. नंबर द्यायला पैसे पडत नाहीत.

याच्या पुढची गोष्ट शाळेत कोणी सांगत नाही. १६ डिसेंबरला आप्पासाहेब इंग्रजांच्या छावणीत जाऊन बसला. राजाच गेला. पण भाड्याचे अरब शहरात अडून बसले. २४ डिसेंबरला इंग्रजांनी शहरावर हल्ला केला, तो अरबांनी मोडून काढला. मग त्यांनी काय केलं? रत्न झाले? नाही. अटी घातल्या. बायका-पोरं, सामान-सुमान, सुखरूप वाट, असं ठरवून घेतलं आणि ३० डिसेंबरला शहराबाहेर निघून गेले. ज्या राजासाठी मरायचं तो केव्हाच पळालेला, हे त्यांना कळलं होतं. मला विचाराल तर नागपूरच्या त्या सगळ्या लढाईत डोकं जाग्यावर असलेली तेवढीच माणसं. आम्ही गोदीवाले याला दुसरं नाव देतो. अडून बसायचं, ताकद दाखवायची आणि मागण्या मान्य करून उठायचं.

दोनच दिवसांनी, १ जानेवारी १८१८. कोरेगाव.

आता राग आवरून वाचा. कंपनीची माणसं होती ८३४. शिरूरहून रात्रभर चालून आलेली, उपाशी, तहानलेली. समोर नदी आणि नदीवर पहारा. पेशव्याची फौज वीस-अठ्ठावीस हजारांची होती हे खरं, पण गावात घुसून लढली ती दोनेक हजार माणसं. त्यातही अरब होते, गोसावी होते, मराठे होते. आणि कंपनीकडचे सगळेच महार नव्हते. मराठे होते, मुसलमान होते, मद्रासचे तोफवाले होते. खांबावर पडलेल्यांची ४९ नावं आहेत. त्यातली २२ 'नाक' लावलेली, म्हणजे आपली.

हे सांगितलं की आपल्यातलेच काही चिडतात. काहून रे, आकडा कमी करतो का? मी म्हणतो, आकडा फुगवून पूर्वज मोठे होत नाहीत. ज्या पेशवाईनं महाराच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधला, तिच्या फौजेसमोर महार हातात बंदूक घेऊन बारा तास उभा राहिला आणि हटला नाही. ही गोष्ट २,००० विरुद्धही तेवढीच मोठी आहे. आणि या शिपायांना देशद्रोही म्हणणाऱ्यांनो, तुमचा देश तेव्हा कुठं होता? गावकुसाच्या आत. आम्ही बाहेर. ज्या घरात घेतलंच नाही त्या घराशी गद्दारी कशी होते, ते आधी समजावून सांगा.

पण पोट्टेहो, मोबाईलमधल्या पिक्चरशी कोरेगावची जोडी लावू नका. तिथले शिपाई मरायला धावले नव्हते. कोंडले गेले होते. हातात शस्त्र होतं म्हणून ते जगण्यासाठी लढले. काही तोफवाले शरण जाऊ म्हणत होते. शरण गेलेल्याचं काय होतं ते कापलेल्या डोक्यावरून दिसलं, म्हणून लढले. रात्र झाली, पाणी मिळालं, पेशव्याची फौज निघून गेली आणि ही माणसं शिरूरला परतली. ८३४ पैकी २७५ मेले, जखमी झाले, बेपत्ता झाले. म्हणजे साडेपाचशेच्या वर माणूस धड परत आलं. कोरेगावचा खरा आकडा हा आहे. बनियनावर छापायचा तर हा छापा.

आणि खांब कोणी बांधला? १८२१ ला पाया घातला तो कंपनीनं. खांब आपल्या मेलेल्यांचा, जय कंपनीचा. पुढं त्याच इंग्रजानं काय केलं? १८९० नंतरच्या दोन-चार वर्षांत महारांची लष्करभरतीच बंद केली. लढाऊ जात नाही म्हणे! कोकणात गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ ला अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज केले. खांबावरची २२ नावं तेव्हा वाचता येत नव्हती का साहेबाला? १९१७ ला महायुद्धात माणूस कमी पडलं तेव्हा १११ महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ ला मोडून टाकली. १९४१ ला पुन्हा महायुद्ध, पुन्हा गरज, पुन्हा बेळगावात महार रेजिमेंट. लढाऊ जात हा शिक्का आहे दोस्तांनो. पाहिजे तेव्हा मारतात, नको तेव्हा पुसतात. त्या शिक्क्यावर छाती फुगवायची असेल तर फुगवा, पण शाई कोणाच्या दौतीतली आहे ते ध्यानात ठेवा.

बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला कोरेगावच्या खांबापाशी गेले. आपण तिथंच थांबतो. फोटो काढतो आणि परत. बाबासाहेब थांबले नाहीत. तीन महिने झाले नाहीत तर २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर होते. तळ्यावर कशासाठी? मरायला? नाही. पाणी प्यायला. डिसेंबरात पुन्हा हजारो लोक महाडला जमले, तळ्यावर जायच्या तयारीनं. कोर्टाचा मनाई हुकूम आला. लोक पेटलेले होते. त्या दिवशी बाबासाहेबांनी एक शब्द उच्चारला असता तर माणसं मरणावर धावली असती आणि आज तिथंही एक खांब असता. बाबासाहेबांनी लोकांना थांबवलं. मनुस्मृती जाळली आणि पाण्याचा खटला कोर्टात लढवला. दहा वर्षं. १९३७ ला हायकोर्टात जिंकला. याला माघार म्हणायची हिंमत आहे कोणाची?

आणि बुद्धाचं काय? आपण दीक्षाभूमीचे लोक. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये सिद्धार्थ घर सोडून का गेला ते लिहून ठेवलंय. म्हातारा, रोगी, प्रेत बघून नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांचं भांडण पेटलं. शाक्यांच्या संघात सेनापतीनं युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ उभा राहिला आणि नाही म्हणाला. ठराव पास झाला. सेनापती म्हणाला, ऐकलं नाहीस तर तुझ्या घरावर बहिष्कार टाकू, जमिनी जप्त करू. बहिष्कार! ओळखीचा वाटतो का शब्द? सिद्धार्थानं देशत्याग पत्करला पण तलवार घेतली नाही. ही आपली शेवटची झुंज. भरल्या सभेत एकट्यानं नाही म्हणणं. मशीनगनवर धावण्यापेक्षा याला जास्त छाती लागते.

कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला जपानी बांधव येतात, दीक्षाभूमीवर येतात. आपले धम्मबंधू आहेत, जयभीम घालू त्यांना. पण त्या युद्धात तिथल्या कित्येक पंथांच्या भिक्खूंनी बादशहाच्या फौजेला आशीर्वाद दिले, मरणालाच निर्वाण म्हटलं, हेही माहीत असू द्या. सोतो झेन पंथानं १९९२ ला त्याची जाहीर माफी मागितली. माफी मागितली म्हणजे चूक कळली. आपण त्यांची जुनी चूक मोबाईलवर बघून शिट्ट्या मारतो.

आता एक तारीख. १४ एप्रिल. तुम्ही म्हणाल जयंती. बरोबर. १९४४ च्या जयंतीच्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाची बोट उभी होती. पोटात चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं, त्यातच कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा. दुपारी आग लागली. चारनंतर बोट फुटली, अर्ध्या तासानं पुन्हा फुटली. ६६ फायरमन गेले. त्यांची आठवण सरकार दरवर्षी काढतं, काढलीच पाहिजे. गोदीतले हमाल, आसपासच्या झोपड्यांतले लोक किती गेले? कोणी सातशे-आठशे म्हणतं, कोणी तेराशे. सोन्याच्या विटा किती होत्या ते कागदावर आहे : १२४. माणसांचा आकडा आजपर्यंत ठरला नाही.

तीनच महिन्यांनी, १७ जुलै १९४४, अमेरिकेत पोर्ट शिकागो. पॅसिफिकच्या लढाईसाठी बोटींत दारूगोळा भरताना स्फोट. ३२० ठार, त्यातले २०२ काळे. भरणारे काळे, हुकूम देणारे गोरे. काही आठवड्यांत उरलेल्यांना पुन्हा तेच काम करायला सांगितलं. ते नाही म्हणाले. पन्नास जणांवर बंडाचा खटला, आठ ते पंधरा वर्षांची सजा. देशासाठी मरायला घाबरले म्हणून हिणवलं. ऐंशी वर्षांनी, १७ जुलै २०२४ ला, अमेरिकेच्या नौदलानं त्यांना निर्दोष ठरवलं. १९७२ ला आपण पँथर हे नाव ज्यांच्याकडून घेतलं त्यांचे हे बापजादे. मला त्यांचा फोटो बनियनावर पाहिजे.

कारण मला रोज ऐकू येतं. आमचा ठेकेदार भाषणात आम्हाला योद्धे म्हणतो आणि हातमोजे मागितले की पुढच्या महिन्यात ये म्हणतो. योद्धा म्हटलं की हातमोज्यांचा खर्च वाचतो. मरणाचं कौतुक हा फार स्वस्त पगार आहे.

आणि आपले पुढारी? तेही तोच पगार वाटतात. स्टेजवर "जान देंगे" ओरडतात. कोणाची जान? त्यांची पोरं शाळा-कॉलेजात सुखरूप. जानेवारी २०१८ ला कोरेगावात आपल्या माणसांवर दगड पडले, ३ तारखेला महाराष्ट्र बंद झाला, मग वस्त्या-वस्त्यांत धरपकड. केसेस कोणावर? मोलमजुरी करणाऱ्या पोट्ट्यांवर. तारखेला वकील नाही, जामिनाला माणूस नाही. स्टेजवरचा गाडीत बसून गेलेला. सायतो निदान स्वतः तरी मेला.

कोणी म्हणेल, हा भेकड झाला. मग इंदोऱ्याला चला. नामांतराच्या शहिदांचं स्मारक आहे तिथं. ऑगस्ट १९७८ ला नागपुरात पोलिसांनी गोळ्या घातल्या, त्यात शाळकरी पोरगंही गेलं. ते मरायला निघाले होते का? ते विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मागायला निघाले होते. मरण त्यांनी मागितलं नव्हतं, सरकारनं दिलं. मी त्यांच्यापुढं वाकतो. पण त्या पोराच्या आईला कोणी येऊन सांगावं, तुझं रत्न फुटलं, तर मी त्याची जीभ हासडीन. नाव १९९४ ला मिळालं. सोळा वर्षं लोक जगले, झगडले, म्हणून मिळालं.

मी लढू नका म्हणत नाही. अंगावर आलं तर कोरेगावसारखं उभं राहा, हटू नका. पण मरणाची हौस नको. आपल्याला मारायला ही व्यवस्था गटारात, बैलगोठ्यात, बांधावर, होस्टेलच्या खोलीत रोज तयार आहे. तिचं काम आपण फुकट का करून द्यायचं?

पुढच्या एक जानेवारीला मी पुन्हा येणार. खांबावरची २२ नावं पाठ करून येणार, मोठ्यानं वाचणार. मग जे साडेपाचशे परत आले त्यांच्यासाठी तांब्याभर पाणी पिणार. आणि कोणी पुढारी 'मरायला तयार राहा' म्हणाला तर विचारणार, साहेब, तुम्ही पुढं आहात ना? तो मागं सरकला की आपण आपली गाडी पकडायची. सकाळी पाळी असते.

जयभीम.